पुरस्कार कोणाचा? साहित्य अकादेमीच्या मराठी परंपरेच्या निमित्ताने

१

मराठीत 'पुरस्कार' हा शब्द दोन प्रकारे वापरला जातो. एखाद्या ग्रंथाला पुरस्कार मिळतो आणि एखाद्या मताचा पुरस्कार केला जातो. यांपैकी दुसरा वापर शब्दाच्या व्युत्पत्तीला अधिक जवळचा आहे. 'पुरस्' म्हणजे पुढे. पुरस्कार म्हणजे पुढे ठेवणे, समोर आणणे. 'तिरस्कार' हा त्याचा विरुद्धार्थी शब्द. त्याचा मूळ अर्थ आड करणे, दृष्टीबाहेर ठेवणे. 'पारितोषिक' या शब्दात घेणाऱ्याचा संतोष सूचित होतो, 'बक्षीस' या शब्दात देणाऱ्याची मर्जी. 'पुरस्कार' या शब्दात मात्र एक विधान अनुस्यूत आहे: ही गोष्ट पुढे ठेवण्याच्या योग्यतेची आहे. विधान म्हटले की त्याच्या सत्यासत्यतेचा प्रश्न येतो. आणि ते नेमके कशाविषयी केले आहे, हा प्रश्न त्याच्याही आधी येतो.

पुरस्कार पुढे ठेवतो तो कृतीला की कर्त्याला? प्रश्न वरवर शाब्दिक वाटेल. पण वाङ्मयीन पुरस्कारांविषयी जे वाद वारंवार होतात, त्यांतील बरेचसे या प्रश्नाचे उत्तर संदिग्ध ठेवल्यामुळे होतात, असे मला वाटते. चुकीच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला, फार उशिरा मिळाला, मरणोत्तर मिळून काय उपयोग, घेतलेला पुरस्कार परत करता येतो काय, हे सारे वाद त्यांतलेच. ही संदिग्धता तार्किक आहे तशीच नैतिकही आहे. कारण तिच्यामुळे कोणावर तरी अन्याय होतो. साहित्य अकादेमीच्या पुरस्काराच्या, विशेषतः त्याच्या मराठी परंपरेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचा येथे प्रयत्न आहे.

साहित्य अकादेमीची स्थापना १९५४ साली झाली आणि १९५५ पासून तिचे वार्षिक पुरस्कार सुरू झाले. मराठीतील पहिला पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला मिळाला. नियमांचा मूळ आशय स्पष्ट आहे. मान्यताप्राप्त भाषांपैकी प्रत्येकीत, नजीकच्या ठरावीक वर्षांत प्रथम प्रकाशित झालेल्या एका उत्कृष्ट ग्रंथाला हा पुरस्कार द्यायचा असतो. म्हणजे घटनेच्या भाषेत हा ग्रंथाचा पुरस्कार आहे. ताम्रपट आणि रक्कम (प्रारंभी ५,००० रुपये, २००९ पासून १ लाख) लेखकाच्या हाती जात असली, तरी निर्णय पुस्तकाविषयी आहे.

२

आता प्रत्यक्ष यादीकडे पाहू. १९५६ चा मराठीचा पुरस्कार बा. सी. मर्ढेकर यांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथाला मिळाला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात मर्ढेकरांचे निधन झाले होते. मराठी कवितेला नवे वळण देणाऱ्या या कवीचा गौरव झाला तो सौंदर्यमीमांसक म्हणून. 'काही कविता' आणि 'आणखी काही कविता' हे संग्रह यादीत नाहीत. पुढे १९९३ साली 'मर्ढेकरांची कविता' हे नाव या यादीत येते, पण ते विजया राजाध्यक्ष यांच्या समीक्षाग्रंथाचे. कवितेपर्यंत पुरस्कार पोहोचला तो असा, सदतीस वर्षांनी आणि दुसऱ्याच्या ग्रंथाच्या वाटेने.

हे एकटे उदाहरण नाही. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. अकादेमीचा पुरस्कार त्यांना १९९१ साली 'टीकास्वयंवर'साठी मिळाला. 'बनगरवाडी'च्या लेखकाला, व्यंकटेश माडगूळकरांना, तो १९८३ साली 'सत्तांतर'साठी मिळाला. गंगाधर गाडगीळ हे नाव उच्चारताच नवकथा आठवते. त्यांना पुरस्कार मिळाला तो १९९६ साली, 'एका मुंगीचे महाभारत' या आत्मचरित्रासाठी. हे ग्रंथ पुरस्काराला अपात्र होते असे मुळीच म्हणायचे नाही. 'सत्तांतर' ही तर मराठीतील एक असाधारण कृती आहे. परीक्षकांच्या मनात काय होते, हेही यादीवरून सिद्ध होत नाही. परंतु यादी वाचणाऱ्याच्या मनात एक प्रतिक्रिया हटकून उमटते: 'बरे झाले, अखेर मिळाला.' या वाक्यातील 'अखेर' हा शब्द महत्त्वाचा आहे. पुस्तक चार-दोन वर्षांपूर्वीचे असताना 'अखेर' म्हणण्याचे कारण काय? आपल्या नजरेसमोर पुस्तक नसते, कर्ता असतो. आणि पुरस्काराकडे आपण मूल्यनिर्णय म्हणून पाहत नसतो, थकलेल्या ऋणाची फेड म्हणून पाहत असतो.

ऋण फेडणे ही चांगलीच गोष्ट आहे, मग त्यात गैर काय, असे कोणी विचारील. समाजाने एका मोठ्या लेखकाकडे वेळेवर लक्ष दिले नाही. आता निमित्त सापडले, तर ते साधू नये काय? हा युक्तिवाद सहृदय आहे, आणि म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे. त्यात एक तिसरा पक्ष विसरला जातो. पुरस्कार वर्षाला एकच असतो. ज्येष्ठ लेखकाचे ऋण एका दुय्यम पुस्तकाच्या नावे फेडले गेले, तर त्या वर्षीच्या अधिक चांगल्या पुस्तकाच्या वाट्याचे त्याला मिळत नाही. ॲरिस्टॉटलने राज्यशास्त्राच्या विवेचनात बासरीचा दाखला दिला आहे: बासऱ्या वाटायच्या असतील, तर उत्तम बासरी कुलवंताला किंवा देखण्याला द्यायची नसते, उत्तम वाजवणाऱ्याला द्यायची असते. ज्या गुणासाठी वाटप आहे, तोच गुण वाटपाचा निकष असला पाहिजे. ग्रंथाच्या गुणासाठी असलेली गोष्ट कर्त्याच्या पूर्वपुण्याईवर दिली, तर देणाऱ्याने आपली उदारता दुसऱ्याच्या खर्चाने दाखवली, असेच म्हणावे लागेल. शिवाय ज्येष्ठ लेखकाचाही त्यात खरा मान नसतो. त्याच्या आताच्या पुस्तकाविषयी खोटे बोलून त्याच्या जुन्या पुस्तकाविषयीचे मौन झाकले जाते.

याच यादीत याच्या उलट उदाहरणेही आहेत आणि ती उद्बोधक आहेत. १९८१ साली लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ला आणि १९८८ साली लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला पुरस्कार मिळाला. दोन्ही आत्मकथने, दोन्ही भटक्या-विमुक्तांच्या जीवनातून आलेली, दोन्ही लेखक वाङ्मयीन प्रतिष्ठेच्या वर्तुळाबाहेरचे. त्यांच्यामागे ज्येष्ठतेची पुण्याई नव्हती. परीक्षकांसमोर पुस्तकाखेरीज दुसरे काही नव्हते, आणि पुस्तक तेवढ्यावर उभे राहिले. पुरस्कार या शब्दाचा मूळ अर्थ या निर्णयांत जितका साकार झाला, तितका क्वचितच झाला असेल. कारण जे आजवर आड होते, ते येथे पुढे ठेवले गेले. हे निर्णय साहित्यबाह्य सहानुभूतीतून झाले, असा आक्षेप काहींच्या मनात असू शकतो. पण तो घेणाऱ्याने ज्येष्ठत्वाची सहानुभूती वाङ्मयीन कशी ठरते, याचेही उत्तर द्यावे.

३

येथे एक सैद्धांतिक अडचण उपस्थित होते. कृती आणि कर्ता इतक्या स्वच्छपणे वेगळे करता येतात काय? मराठीच्या पुरस्कारयादीत सौंदर्यशास्त्राला मोठे स्थान आहे: मर्ढेकरांनंतर ग. त्र्यं. देशपांडे यांचे 'भारतीय साहित्यशास्त्र' (१९५९), रा. भा. पाटणकर यांची 'सौंदर्यमीमांसा' (१९७५), शरच्चंद्र मुक्तिबोध यांचे 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' (१९७९), प्रभाकर पाध्ये यांचा 'सौंदर्यानुभव' (१९८२). म्हणजे आपल्या प्रश्नाचे दोन्ही पक्ष ज्यांनी मांडले, त्यांनाच पुरस्कार मिळालेले आहेत. मर्ढेकरांच्या लयसिद्धांताप्रमाणे कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांच्या संघटनेत असते. कर्त्याच्या चरित्राला तेथे प्रवेश नाही. मुक्तिबोधांनी मानुषतेला साहित्यमूल्य मानले, आणि त्यामुळे लिहिणारा माणूस व त्याचे जीवन यांचा विचार अपरिहार्य केला. पाटणकरांनी सौंदर्यविचाराच्या द्विध्रुवात्मकतेचे विवेचन केले: एका ध्रुवाशी कलेची स्वायत्तता, दुसऱ्याशी तिचे लौकिक जीवनाशी असलेले नाते, आणि एकाचा स्वीकार करून दुसऱ्याचा निकाल लावता येत नाही.

पुरस्काराविषयीही असेच म्हणता येईल. कोणताही परीक्षक पुस्तक निनावी असल्याप्रमाणे वाचू शकत नाही. अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' वाचताना आधीचे कोलटकर पुसून टाकता येत नाहीत, आणि टाकूही नयेत. आधीच्या कवितेच्या संदर्भात नव्या कवितेचा अर्थ अधिक उलगडतो. रोलाँ बार्तने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केल्याला अर्धशतक उलटून गेले, तरी पुरस्कारसंस्थेच्या दालनात लेखक जिवंतच आहे. मात्र येथे एक भेद केला पाहिजे. कर्त्याविषयीचे ज्ञान कृतीच्या आकलनाला साहाय्य करते, तेव्हा ते उचित असते. तेच कृतीच्या मूल्यात भर म्हणून मोजले जाते, तेव्हा ते अनुचित ठरते. आकलनाचा संदर्भ आणि मूल्यमापनाचा निकष या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

कर्त्याच्या गौरवाला स्वतंत्र जागा असती नाही, तर गोंधळ क्षम्य ठरला असता. पण ती जागा आहे. ज्ञानपीठ पुरस्कार प्रारंभी विशिष्ट ग्रंथासाठी दिला जात असे, वि. स. खांडेकर यांना १९७४ चा पुरस्कार 'ययाति'साठी मिळाला. १९८२ पासून तो लेखकाच्या समग्र योगदानासाठी दिला जाऊ लागला, आणि कुसुमाग्रज (१९८७), विंदा करंदीकर (२००३) व नेमाडे (२०१४) यांना तो या नव्या भूमिकेतून मिळाला. या बदलात एक प्रांजळपणा आहे. आपण कर्त्याचा गौरव करतो आहोत, तर तसे म्हणावे, असा त्याचा अर्थ. साहित्य अकादेमीची फेलोशिपही कर्त्यासाठीच आहे; एका वेळी २१ पेक्षा अधिक हयात साहित्यिकांना ती असू नये, असा तिचा दंडक. विंदा करंदीकरांना अकादेमीचा वार्षिक पुरस्कार कधीच मिळाला नाही. १९९६ साली फेलोशिप मिळाली. नामदेव ढसाळ यांचे 'गोलपिठा' वार्षिक यादीत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने २००४ साली अकादेमीने त्यांना जीवनगौरव दिला. ही दोन उदाहरणे अकादेमीच्या बाजूनेही बोलतात आणि विरोधातही. विरोधात अशी, की त्या-त्या वर्षी ग्रंथाविषयीचे विधान करायचे राहून गेले. बाजूने अशी, की निदान कर्त्याचे ऋण भलत्या ग्रंथाच्या नावावर टाकले गेले नाही.

४

कृती आणि कर्ता यांतील हा भेद खरा कसाला लागतो तो दोन प्रसंगी: घेणारा नसतो तेव्हा, आणि घेणारा परत करतो तेव्हा.

मराठीच्या यादीत मरणोत्तर पुरस्कार ठळकपणे दिसतात. मर्ढेकरांचा उल्लेख वर आलाच. त्र्यं. शं. शेजवलकर १९६३ साली गेले. 'श्रीशिवछत्रपति'ला १९६६ चा पुरस्कार मिळाला. आरती प्रभू १९७६ मध्ये गेले. 'नक्षत्रांचे देणे'ला १९७८ चा मिळाला. कोलटकर २००४ मध्ये गेले. 'भिजकी वही'ला २००५ चा मिळाला. 'आता काय उपयोग?' हा उद्गार अशा वेळी स्वाभाविक असतो. पण पुरस्कार हे ग्रंथाविषयीचे विधान असेल, तर लेखकाच्या मृत्यूने त्यात काहीच उणे होत नाही. उलट लाभ, संबंध, कृतज्ञता या सर्व गोष्टी गळून पडून विधान तेवढे उरते.

घेणे हा देण्याचा आवश्यक भाग आहे काय, या प्रश्नाचा आपल्याकडे फार जुना विचार झालेला आहे. दानाने स्वत्व केव्हा निर्माण होते? जीमूतवाहनाच्या 'दायभागा'नुसार दात्याच्या त्यागानेच ते निर्माण होते. विज्ञानेश्वराच्या 'मिताक्षरे'नुसार प्रतिग्रहाशिवाय, म्हणजे घेणाऱ्याच्या स्वीकाराशिवाय, दान पूर्ण होत नाही. १९६४ साली ज्याँ पॉल सार्त्र याने नोबेल पुरस्कार नाकारला, तेव्हा स्वीडिश अकादमीने नकारामुळे पुरस्काराच्या वैधतेला बाध येत नाही, अशी भूमिका घेतली. ती जणू जीमूतवाहनाची भूमिका. सार्त्रची मिताक्षरेची: लेखकाने स्वतःचे संस्थेत रूपांतर होऊ देता कामा नये, म्हणून त्याला प्रतिग्रहच मान्य नव्हता. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. संस्थेने केलेला मूल्यनिर्णय सार्त्रच्या नकाराने रद्द होत नव्हता. आणि निर्णयातून निर्माण होणारे नाते त्याच्या संमतीशिवाय निर्माण होत नव्हते.

मराठीत या संदर्भात जी. ए. कुलकर्णी यांचे उदाहरण आहे. १९७३ चा पुरस्कार 'काजळमाया'ला मिळाला. ग्रंथाच्या प्रकाशनकाळावरून तो नियमांत बसतो की नाही, असा वाद निघाला, आणि जी. एं.नी पुरस्कार परत केला. हा वाद पूर्णपणे ग्रंथाविषयी होता आणि परतीही त्याच पातळीवर झाली. तरीही १९७३ सालासमोर 'काजळमाया' हे नाव आजही कायम आहे. रक्कम परत जाऊ शकते, ताम्रपट परत जाऊ शकतो. परंतु 'हा ग्रंथ उत्कृष्ट आहे' हे विधान परत करण्याची कोणतीही रीत नाही.

२०१५ सालच्या घटना वेगळ्या होत्या. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाड येथे कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गी यांची हत्या झाली. ते २००६ चे अकादेमी पुरस्कारप्राप्त लेखक. अकादेमीने या हत्येविषयी पुरेशी स्पष्ट भूमिका घेतली नाही, असा आक्षेप घेत आणि देशातील वातावरणाचा निषेध म्हणून प्रथम उदय प्रकाश, मग नयनतारा सहगल, अशोक वाजपेयी आणि नंतर अनेक भाषांतील लेखकांनी पुरस्कार परत केले. २३ ऑक्टोबर २०१५ रोजी अकादेमीच्या कार्यकारी मंडळाने हत्येचा निषेध केला आणि लेखकांना पुरस्कार पुन्हा स्वीकारण्याची विनंती केली. या लेखकांवर जे आक्षेप घेतले गेले, त्यांतील सर्वांत वजनदार आक्षेप असा: पुरस्कार शासनाने दिला नव्हता, समानधर्मी लेखक-समीक्षकांनी दिला होता, आणि तोही ग्रंथाला. सहगल यांच्या 'रिच लाइक अस'ला १९८६ साली मिळालेला पुरस्कार २०१५ च्या घटनांमुळे अयोग्य कसा ठरतो?

ठरत नाही, हे मान्य केले पाहिजे. मूल्यनिर्णय १९८६ मध्ये खरा असेल तर २०१५ मध्येही खराच आहे. पण परत करणाऱ्यांनी तो निर्णय परत केलाच नव्हता. ते शक्यही नव्हते. त्यांनी परत केले ते नाते. 'पुरस्कार' या शब्दाचा मूळ अर्थ येथे पुन्हा आठवावा. एखाद्याला पुढे ठेवणारी संस्था एक जबाबदारीही पत्करते. पुढे ठेवलेल्या माणसावर आघात झाला, तर ज्याने त्याला पुढे ठेवले त्याने स्तब्ध राहावे काय? या प्रश्नाचे उत्तर कोणी काहीही देवो. तो ग्रंथाविषयीचा प्रश्न नाही, लेखक आणि संस्था यांच्या नात्याविषयीचा आहे, आणि नात्यातून बाहेर पडण्याचा अधिकार नात्यातच अंतर्भूत असतो. धर्मशास्त्रात 'दत्ताप्रदानिक' या व्यवहारपदाखाली विचार होतो तो दिलेले परत घेऊ पाहणाऱ्या दात्याचा. घेतलेले परत देणारा हा तेथे मुळी आरोपीच नाही.

म्हणूनच जुलै २०२३ मध्ये संसदेच्या वाहतूक, पर्यटन आणि संस्कृतीविषयक स्थायी समितीने केलेली शिफारस चिंताजनक वाटते. राजकीय कारणांसाठी पुरस्कार परत केला जाऊ नये, यासाठी तो देण्यापूर्वीच लेखकाची संमती घ्यावी, असा तिचा आशय. तिच्या राजकीय बाजूचा विचार क्षणभर दूर ठेवू. सैद्धांतिक दृष्ट्या ती पुरस्काराच्या संकल्पनेलाच छेद देते. पुरस्कार ग्रंथाचा असेल, तर ग्रंथाच्या गुणवत्तेला लेखकाच्या भावी वर्तनाची अट घालता येत नाही. 'हा ग्रंथ उत्कृष्ट आहे, लेखक हमी देत असेल तर' या वाक्याला अर्थच नाही. पुरस्कार कर्त्याचा असेल, तर नाते जोडतानाच बाहेर पडण्याचे दार बंद करणे हा गौरव नव्हे, तो करारनामा झाला. आणि जो आधीच गेला आहे, त्या मर्ढेकर-शेजवलकरांकडून ही हमी कोणी घ्यायची? निकोमॅकसच्या नीतिशास्त्रात ॲरिस्टॉटलने सन्मानाला अंतिम श्रेय मानण्यास नकार दिला, कारण सन्मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अधिक अवलंबून असतो. हमी मागणारा सन्मान हे अवलंबन लेखी करून घेतो.

५

ज्येष्ठ लेखकाचे ऋण भलत्या ग्रंथाच्या नावे फेडणे आणि लेखकाकडून भावी वर्तनाची हमी मागणे या दोन गोष्टी एरवी एकमेकींपासून फार दूरच्या. पहिली सहृदयतेतून येते, दुसरी संशयातून. पण दोहोंच्या मुळाशी एकच घोटाळा आहे: ग्रंथाविषयीचे विधान आणि कर्त्याशी असलेले नाते यांची सरमिसळ. जो समाज पहिली सरमिसळ कौतुकाने पाहतो, त्याला दुसरीला विरोध करणे अवघड जाते. पुरस्कार ही कर्त्यावरची मेहेरबानी आहे, असे एकदा आपणच मानले, की मेहेरबानीच्या अटी ठरवण्याचा हक्क देणाऱ्याकडे आपोआप जातो.

या घोटाळ्यात विद्यापीठीय अभ्यासकांचाही वाटा आहे. अभ्यासक्रमात पुस्तक लावताना, प्रबंधाचा विषय निवडताना 'अकादेमीप्राप्त' हे विशेषण आपण निकषाच्या जागी ठेवतो. वस्तुतः पुरस्कार हे तीन परीक्षकांनी एका वर्षी केलेले विधान आहे; समीक्षेचे काम ते तपासण्याचे, मान्य करण्याचे किंवा खोडून काढण्याचे. मम्मटाने काव्याच्या प्रयोजनांत यश आणि अर्थ यांना आरंभीच स्थान दिले, त्यांना तुच्छ लेखले नाही. पण काव्य कशाने काव्य होते, याचे उत्तर त्याने यशावरून दिले नाही. मराठीतील १९५५ पासूनची यादी हातात घेऊन, एकेका वर्षाचा ग्रंथ त्याच वर्षी उपलब्ध असलेल्या इतर ग्रंथांच्या शेजारी ठेवून वाचण्याचे काम एखाद्या पदव्युत्तर वर्गाने करायला हरकत नाही. त्यातून काही निर्णय अधिक उजळून निघतील, काही उणे ठरतील. ज्यांना तेव्हा कोणी पुढे ठेवले नाही, अशी चार-सहा पुस्तकेही त्या वाचनात हाती लागतील.